कोसोवो : शंभर देशांची मान्यता, तरी युनोबाहेर

रानवाट

१७ फेब्रुवारी २००८ ला राजधानी प्रिश्टिनाच्या विधानसभेने कोसोवो स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर शंभराहून अधिक देशांनी मान्यता दिली. नेमका आकडा मुद्दामच लिहीत नाही, कारण काही देशांनी दिलेली मान्यता मागे घेतली असं सर्बिया म्हणतो आणि प्रिश्टिनाला ते पटत नाही. झेंडा आहे, संसद आहे, पासपोर्ट आहे, ऑलिंपिकची सुवर्णपदकंही आहेत. युनोचं सदस्यत्व नाही. भारताची मान्यताही नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की दोन वाक्यांत संपतो. एक, "अमेरिकेने तयार केलेला देश". दुसरं, "काश्मीरमुळे आपल्याला मान्यता देता येत नाही". दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींमुळे मधली वीस वर्षं झाकली जातात. म्हणून हा धागा. थोडं सविस्तर लिहिते आहे, सांभाळून घ्या.

टिटोंच्या युगोस्लाव्हियात सहा गणराज्यं होती, आणि त्यांपैकी सर्बियात दोन स्वायत्त प्रांत : व्होयव्होदिना आणि कोसोवो. १९७४ च्या राज्यघटनेने या प्रांतांना जवळजवळ गणराज्यांइतके अधिकार दिले. संघराज्याच्या अध्यक्षमंडळात कोसोवोचा स्वतःचा प्रतिनिधी बसायचा. दर्जा मात्र प्रांताचाच ठेवला. पुढचं सगळं त्या एका दर्जावर अडलं. १९९१ मध्ये देश फुटू लागला तेव्हा युरोपीय समुदायाने नेमलेल्या बादँतेर आयोगाने गणराज्यांच्या हद्दी याच नव्या देशांच्या सीमा मानल्या. स्लोव्हेनिया, क्रोएशिया बाहेर पडले. कोसोवो प्रांत होता, म्हणून तो सर्बियाचा भाग राहिला, तिथली बहुसंख्य वस्ती अल्बेनियन असली तरी.

त्याआधीच, मार्च १९८९ मध्ये, सर्बियाचा नेता मिलोशेविचने प्रांताची स्वायत्तता काढून घेतली होती. मतदान झालं तेव्हा विधानसभेबाहेर रणगाडे उभे होते. पुढच्या वर्षी २ जुलैला अल्बेनियन आमदारांना इमारतीत शिरू दिलं नाही, तर त्यांनी बाहेर पायऱ्यांवर उभं राहून कोसोवो हे गणराज्य असल्याचा ठराव केला. सप्टेंबर १९९१ मध्ये सार्वमत घेतलं. मान्यता दिली ती एकट्या अल्बेनियाने.

मग आला इब्राहिम रुगोवाचा काळ, आणि माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. साहित्याचा अभ्यासक असलेला, गळ्यात कायम मफलर घालणारा हा माणूस. त्याच्या नेतृत्वाखाली अल्बेनियन लोकांनी हत्यार न उचलता एक समांतर राज्य उभं केलं. सरकारी शाळांतून अल्बेनियन शिक्षण बंद झालं, तर लोकांच्या घरांत वर्ग भरू लागले. नोकरीतून काढलेल्या डॉक्टरांनी दवाखाने चालवले. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये राबणारे कोसोवोचे लोक आपल्या कमाईतले ३ टक्के परागंदा सरकारकडे पाठवत. हे बरीच वर्षं चाललं. आणि १९९५ मध्ये अमेरिकेत डेटनला बोस्नियाचा करार झाला, त्यात कोसोवोचा प्रश्न घेतलाच नाही! बोस्नियात लढणाऱ्यांना टेबलाशी जागा मिळाली, शांतपणे सोसणाऱ्यांना कोणी बोलावलं नाही. तिथल्या तरुणांनी यातून जो अर्थ काढायचा तो काढला. कोसोवो मुक्तिसेना ही अल्बेनियन सशस्त्र संघटना त्यानंतर वाढली. १९९७ मध्ये अल्बेनियात पिरॅमिड योजना बुडाल्या, राज्ययंत्रणा कोसळली, लष्कराची कोठारं लुटली गेली आणि बंदुका डोंगर ओलांडून आल्या.

युद्ध थोडक्यात सांगते. मार्च १९९८ ला प्रेकाझ गावी सर्ब पोलिसांच्या हल्ल्यात मुक्तिसेनेचा नेता आदेम यशारी आणि त्याच्या कुटुंबातली बायकामुलं मारली गेली. जानेवारी १९९९ ला राचाक गावात अल्बेनियन लोकांचं हत्याकांड. फ्रान्समधल्या रांबुयेची शांततेची बोलणी फिसकटली. २४ मार्च ते १० जून १९९९, ७८ दिवस नाटोचे बॉम्बहल्ले, सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता. त्याच काळात सर्ब फौजांनी आठ लाखांहून अधिक अल्बेनियन लोकांना सीमेपार हाकललं. मग युनोचा ठराव १२४४. या ठरावाने कारभार युनोकडे दिला, आणि त्याच कागदात युगोस्लाव्हियाच्या प्रादेशिक अखंडतेची ग्वाहीही दिली. आज सर्बिया आणि कोसोवो दोघेही याच ठरावाकडे बोट दाखवतात.

नऊ वर्षं तसंच चाललं. २००७ मध्ये युनोचे दूत, फिनलंडचे मार्ती आहतिसारी यांनी देखरेखीखालच्या स्वातंत्र्याची योजना दिली, रशियाने ती सुरक्षा परिषदेत अडवली, आणि पुढच्या फेब्रुवारीत कोसोवोने अमेरिका व बड्या युरोपीय देशांशी ठरवून घोषणा केली.

माझं म्हणणं असं : युनोत शिरायला सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, तिथे रशिया आणि चीन बसलेत, हे खरं. पण ते कायमचे अडून बसू शकतात कारण बेलग्रेडने, म्हणजे सर्बियाने, हक्क सोडलेला नाही. आपल्याच शेजारचं उदाहरण बघा. बांगलादेशाला भारताने ६ डिसेंबर १९७१ ला मान्यता दिली. ऑगस्ट १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरून त्यांचा युनोप्रवेश रोखला. फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने मान्यता दिली, आणि त्याच सप्टेंबरात बांगलादेश युनोत होता. दक्षिण सुदानला तर खार्टूमच्या सुदान सरकारने स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशीच मान्यता दिली. ९ जुलै २०११ ला देश झाला, १४ जुलैला युनोचा सदस्य. कोसोवोला आणखी दहा-वीस देशांनी मान्यता दिली तरी ही गाठ सुटणार नाही. ज्याच्यापासून वेगळं व्हायचं त्याच्याशीच बोलावं लागेल.

तुम्हाला काय वाटतं?

---

पिंपळपान

सुरेख लिहिलंय. रुगोवाबद्दल काहीच माहीत नव्हतं.

एक शंका. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कोसोवोच्या बाजूने निकाल दिला होता ना? मग कायद्याचा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

---

न्यायाधार

@पिंपळपान, हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा लांबवतो.

प्रश्न न्यायालयाकडे नेला तो सर्बियाने, आमसभेमार्फत. ऑक्टोबर २००८ मध्ये ७७ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला, ७४ देश तटस्थ राहिले. विचारलं काय? तर स्वातंत्र्याची ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे का. एवढंच. २२ जुलै २०१० ला न्यायालयाने १० विरुद्ध ४ असं मत दिलं की घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झालेला नाही. कारण अशी घोषणा करायला मनाई करणारा सर्वसाधारण नियमच नाही. ठराव १२४४ चाही भंग नाही, कारण घोषणा करणारे युनोच्या चौकटीतली संस्था म्हणून बोलत नव्हते, कोसोवोच्या जनतेचे प्रतिनिधी म्हणून बोलत होते.

आता न्यायालयाने काय सांगितलं नाही ते पाहा. कोसोवो राष्ट्र झालं का, यावर मौन. इतरांनी दिलेली मान्यता वैध आहे का, यावर मौन. एखाद्या प्रदेशाला फुटून निघण्याचा हक्क आहे का, यावरही मौन. सर्बियाने प्रश्न इतका अरुंद विचारला की उत्तरही तेवढंच मिळालं. माझ्या मते ती त्यांची मोठी चूक होती. शिवाय हे सल्लागारी मत आहे, बंधनकारक निकाल नव्हे.

वकिली जगात राष्ट्र कशाला म्हणायचं यासाठी १९३३ च्या मोंटेविदेओ कराराचे चार निकष सांगतात : कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश, शासन आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवायची क्षमता. त्यांत मान्यता नाही. मान्यता फक्त असलेल्या गोष्टीची नोंद घेते असं मानणारे एका बाजूला, मान्यतेशिवाय राष्ट्र अस्तित्वातच येत नाही असं मानणारे दुसऱ्या बाजूला. कोसोवोने या वादाची दोन्ही टोकं एकाच वेळी खरी करून दाखवली आहेत. घरात राष्ट्र, युनोच्या सभागृहात नाही.

---

दौलतगड

चर्चा चांगली चालली आहे, पण भारताची भूमिका दोन वाक्यांत उडवून लावू नये, म्हणून लिहितो.

मार्च १९९९ मध्ये बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर दोनच दिवसांत ते थांबवावेत असा ठराव सुरक्षा परिषदेत आला. मांडणारे होते रशिया, बेलारूस आणि भारत. आपण तेव्हा परिषदेचे सदस्यही नव्हतो. ठराव ३ विरुद्ध १२ असा पडला, बाजूने फक्त रशिया, चीन आणि नामिबिया. म्हणजे आपला विरोध २००८ ला उगवलेला नाही. सुरक्षा परिषदेला बाजूला ठेवून एका लष्करी गटाने एखाद्या देशावर बॉम्ब टाकायचे आणि मग त्याचा तुकडा वेगळा करायचा, ही पद्धत एकदा मान्य केली तर उद्या ती कोणाच्या दारात येईल?

आपल्या लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांचं नाव इथे यायला हवं. मूळचे मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. १९९२-९३ मध्ये युगोस्लाव्हियातल्या युनो शांतिसेनेचे ते पहिले सेनापती होते. तो मुलूख त्यांनी आतून पाहिला होता. १९९९ मध्ये त्यांनी नाटोच्या कारवाईवर जाहीर आणि परखड टीका केली. सगळा दोष एकट्या सर्बांवर टाकणं त्यांना मान्य नव्हतं.

आणि धोका नुसता बोलण्यापुरता राहिला नाही. कोसोवोच्या घोषणेनंतर सहाच महिन्यांनी, २६ ऑगस्ट २००८ ला, रशियाने अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला मान्यता दिली. मार्च २०१४ मध्ये क्रिमियाच्या संसदेने स्वातंत्र्याची घोषणा करताना हेगच्या याच मताचा नाव घेऊन दाखला दिला. "हे अपवादात्मक प्रकरण आहे, पायंडा नव्हे" असं पाश्चात्त्य देश सांगत राहिले. पायंडा पडला की नाही हे पाडणारा ठरवत नसतो.

---

झुरिककर

दौलतगडकाका, पायंड्याबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण मी जिथे राहतो तिथून हे चित्र थोडं वेगळं दिसतं.

स्वित्झर्लंडमध्ये कोसोवोचे लोक खूप आहेत. माझ्या विभागातली एक सहकारी नव्वदच्या दशकात प्रिश्टिनाजवळ अशाच घरातल्या शाळेत शिकली. एका बैठकीच्या खोलीत वर्ग, जमिनीवर बसून. पुस्तकं दप्तरात न ठेवता कपड्यांत लपवून न्यायची, वाटेत पोलिसांनी तपासलं तर मार बसायचा. तिच्याशी बोलताना "अमेरिकेने तयार केलेला देश" हे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. बॉम्ब पडण्याच्या कितीतरी आधी त्या लोकांनी आपला देश चालवायला घेतला होता.

आणि मान्यता नसल्याचा त्रास रोजच्या जगण्यात किती होता, ते ऐका. कोसोवोला स्वतःचा दूरध्वनी संकेतांक नव्हता. घरातल्या फोनला सर्बियाचा ३८१, मोबाइलला कोणाच्या कंपनीनुसार मोनॅकोचा ३७७ नाहीतर स्लोव्हेनियाचा ३८६! ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या मध्यस्थीने वर्षानुवर्षं बोलणी झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये ३८३ हा संकेतांक मिळाला, तोही अर्ज सर्बियाच्या हातून. इंटरनेटवर देशाचं अधिकृत डोमेन अजून नाही. युरोपात व्हिसाशिवाय फिरण्याची सोय पश्चिम बाल्कनमध्ये सर्वांत शेवटी कोसोवोला मिळाली, १ जानेवारी २०२४ ला. इथे किती कुटुंबांनी त्या दिवसाची वाट पाहिली हे मी पाहिलंय. आजी-आजोबांना नातवंडांना भेटायला यायचं तरी कागदांचा ढीग जमवावा लागे.

---

खेळकर

झुरिककरांनी रोजच्या गोष्टी लिहिल्या, मी मैदानावरच्या सांगतो. कोसोवोचा खरा परराष्ट्र विभाग म्हणजे त्यांच्या ज्युदोच्या मुली, असं मला मनापासून वाटतं.

मायलिंदा केलमेंदी पेया गावची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिला अल्बेनियाकडून उतरावं लागलं. २०१४ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कला जागतिक स्पर्धा झाली, तिथे कोसोवोचा झेंडा चालणार नव्हता म्हणून ती ज्युदो महासंघाच्या झेंड्याखाली खेळली आणि जिंकली. त्याच डिसेंबरात ऑलिंपिक समितीने कोसोवोला पूर्ण सदस्य केलं. रिओ २०१६ ला उद्घाटनात झेंडा तिच्या हातात, आणि ५२ किलो गटात सुवर्ण. देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही सोन्याचं. टोकियोत दिस्त्रिया क्रास्निची आणि नोरा याकोवा यांनी आणखी दोन सुवर्णं आणली.

फुटबॉलमध्ये मे २०१६ ला युएफा या युरोपीय संघटनेने कोसोवोला २८ विरुद्ध २४ मतांनी घेतलं. चार मतांचा फरक! पाठोपाठ फिफा.

आता आपल्याकडची गोष्ट. २०१८ मध्ये महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा दिल्लीत झाली. कोसोवोची दोन्येता सादिकू येणार होती, तिला व्हिसा मिळाला नाही. भारताने कोसोवोला मान्यता देऊ नये, ठीक, ते धोरण आहे. पण एका तरुण मुलीला रिंगबाहेर ठेवून आपण कोणती अखंडता राखली? मला ते तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं.

---

दौलतगड

@खेळकर, व्हिसाच्या बाबतीत पूर्ण सहमत. मान्यता न देणं वेगळं आणि खेळाडूला अडवणं वेगळं. मान्यता न देताही दार उघडं ठेवता येतं. तैवानच्या बाबतीत आपण तेच करतो.

---

शुभदा_कुलकर्णी

सगळे प्रतिसाद वाचले. एका गोष्टीचा उल्लेख फारच कमी आला, सर्ब लोकांचा. बेलग्रेडच्या सरकारचा नाही, कोसोवोत राहणाऱ्या सर्बांचा.

१९९९ नंतर नाटोच्या फौजा आत आल्या आणि सूडाचं सत्र सुरू झालं. सर्ब आणि रोमा कुटुंबं मोठ्या संख्येने पळाली. मार्च २००४ मध्ये दोन दिवसांच्या दंगलीत १९ माणसं मेली, कितीतरी ऑर्थोडॉक्स चर्च आणि मठ जाळले गेले. हे सगळं युनोच्या कारभारात आणि हजारो परदेशी सैनिकांच्या डोळ्यांदेखत घडलं. देचानीचा चौदाव्या शतकातला मठ आजही जागतिक वारशाच्या धोक्यातल्या यादीत आहे, आणि यादीत देशाचं नाव सर्बिया. २०१५ मध्ये कोसोवो युनेस्कोत जायला निघालं तेव्हा हाच मुद्दा आडवा आला. बाजूने ९२, विरोधात ५० मतं पडली. दोनतृतीयांशाला फक्त तीन मतं कमी. मठ जाळणाऱ्यांवर वेळीच कठोर कारवाई झाली असती, तर ती तीन मतं मिळाली असती असं मला वाटतं.

आणि मुक्तिसेनेच्या नेत्यांचं काय? स्वातंत्र्याची घोषणा केलेले तेव्हाचे पंतप्रधान हाशिम थाची, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पद सोडून हेगला युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात आरोपी म्हणून गेले. आरोप त्यांनी नाकारलेत, पण बळींमध्ये अल्बेनियन लोकही आहेत, हे विसरू नये.

रानवाटताई, तुम्ही युद्ध थोडक्यात आटोपलंत, त्यात ही बाजू निसटली.

---

पिंपळपान

अवांतर : प्रिश्टिनामध्ये मदर तेरेसांच्या नावाचं मोठं कॅथिड्रल आहे. त्या अल्बेनियन कुटुंबातल्या, जन्म स्कोप्येचा. कोसोवोतल्या लेत्नित्सा गावच्या मंदिरात यात्रेला जात असत आणि तिथेच त्यांनी संन्यासाचा निर्णय पक्का केला असं सांगतात. कोलकात्याशी असा एक धागा आहे.

---

रानवाट

शुभदाताई, तुम्ही लिहिलंत ते लेखात यायलाच हवं होतं, आता ते प्रतिसादात आहे म्हणून धागा पुरा झाला. त्याला फक्त एक जोडते. दुसऱ्या बाजूलाही कबुली बाकी आहे. २००१ मध्ये बेलग्रेडजवळ बातायनित्साला पोलिसांच्या आवारात सामूहिक कबरी सापडल्या. कोसोवोतून ट्रकांत भरून आणलेली शेकडो अल्बेनियन माणसं तिथे पुरली होती. एक ट्रक तर डॅन्यूब नदीत ढकलून दिलेला सापडला होता. या युद्धातले दीड हजारांहून अधिक लोक अजून बेपत्ता आहेत, दोन्ही समाजांचे. कुठल्याही देशाच्या मान्यतेने त्यांचे ठावठिकाणे कळणार नाहीत. ते बेलग्रेड आणि प्रिश्टिनाने एकमेकांना दफ्तरं उघडून दाखवली तरच कळतील.

दौलतगडकाका, पायंड्याच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अबखाझिया आणि क्रिमियाच्या बाबतीत वेगळं होऊ पाहणाऱ्या लाखो लोकांची हकालपट्टी आणि नऊ वर्षांचा युनोचा कारभार असं काही नव्हतं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण बळकट देश फरक बघत नाहीत, सोयीचं वाक्य उचलतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. स्पेन, ग्रीस, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रस हे युरोपीय संघातले पाच देश अजून मान्यता देत नाहीत, तेही आपापल्या घरच्या भीतीपोटीच.

---

न्यायाधार

रानवाट, तुमच्या मूळ मुद्द्यावर प्रश्न. सर्बियाच्या २००६ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत कोसोवो हा देशाचा अविभाज्य भाग आहे असं लिहिलंय. मान्यता द्यायची तर घटना बदलायला हवी, त्यासाठी सार्वमत. कोणता सर्ब नेता हे करेल? पाकिस्तानचा दाखला इथे लागू पडत नाही. तिकडे हजार मैलांचं अंतर होतं, लढाई निर्णायक हरली होती, आणि ९० हजारांवर युद्धकैदी आपल्या ताब्यात होते.

---

रानवाट

मान्य, परिस्थिती वेगळी आहे. म्हणूनच वाटाघाटी करणाऱ्यांनी पाकिस्तान-बांगलादेशाचा नमुना न घेता दोन जर्मनींचा घेतला. १९७२ च्या करारात पश्चिम जर्मनीने पूर्व जर्मनीला परका देश म्हणून औपचारिक मान्यता दिली नाही, पण तिच्या आंतरराष्ट्रीय अस्तित्वाला विरोध करणं सोडलं. सप्टेंबर १९७३ मध्ये दोघी एकाच दिवशी युनोत गेल्या.

२०२३ च्या फेब्रुवारीत ब्रसेल्सला आणि मार्चमध्ये उत्तर मॅसिडोनियातल्या ओह्रिदला युरोपीय संघाने जो करार पुढे ठेवला तो याच धर्तीवर आहे. त्यातलं एक कलम सांगतं की आंतरराष्ट्रीय संघटनांत कोसोवोच्या प्रवेशाला सर्बिया आक्षेप घेणार नाही. दुसरं सांगतं की कोसोवोतल्या सर्ब समाजाला योग्य पातळीवरची स्वव्यवस्था मिळेल. म्हणजे सर्ब नगरपालिकांचा संघ, जो कोसोवोने २०१३ च्या ब्रसेल्स करारातच कबूल केला होता आणि अजून स्थापन केलेला नाही.

दोघांनी तोंडी होकार दिला, सही कोणीच केली नाही. एप्रिल २०२३ मध्ये युरोप परिषदेत (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) कोसोवोचा अर्ज पुढे सरकवायचं मतदान झालं तेव्हा सर्बियाने विरोधी मत टाकलं. त्याच सप्टेंबरात उत्तरेत बान्यस्का गावी सशस्त्र सर्ब टोळीने कोसोवोच्या एका पोलीस हवालदाराला मारलं. इकडे प्रिश्टिनात कोसोवोचे नेते आल्बिन कुर्ती म्हणतात की असा संघ म्हणजे बोस्नियातल्या सर्प्स्का या सर्बांच्या स्वायत्त प्रदेशाची दुसरी आवृत्ती, देशातला देश. ती भीती खोटी नाही. पण मला वाटतं, मित्रोवित्सा शहराच्या उत्तरेकडच्या सर्बाला आपली शाळा, आपला दवाखाना आणि आपली नगरपालिका स्वतः चालवू देणं हे कोसोवोलाच सर्वांत चांगलं समजायला हवं. घरांत शाळा भरवून ज्यांनी तेच मागितलं होतं, ते आज सत्तेत आहेत. पहिली सही प्रिश्टिनाने करावी, असं माझं मत आहे.

---

झुरिककर

ही पोस्ट सहकारीला भाषांतर करून ऐकवली. ती म्हणाली, सर्ब नगरपालिकांच्या संघाला तिचा विरोध आहे, आणि तरीही सही व्हावी असं तिला वाटतं. तिचा मामा १९९९ पासून बेपत्ता आहे.